पाटाच्या मागाने मेसटाउनला : ओटागोतील ओसाड सोनखाणींची वाट

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो प्रांतात वानाका सरोवराजवळून ॲरोटाउनकडे जाणारी मोटाटापूची डोंगरवाट बहुतेक जण चालतात, ती 'ते अरारोआ' या सुमारे ३,००० किलोमीटर लांबीच्या देशव्यापी पायवाटेचा एक टप्पा म्हणून. आम्हाला मात्र ती वाट दुसऱ्याच कारणासाठी हवी होती. तिच्या दक्षिण टोकाकडे, ॲरो नदीच्या वरच्या खोऱ्यात, मेसटाउन नावाचे सोन्यासाठी वसलेले आणि सोने संपल्यावर रिकामे झालेले एक गाव आहे. तिथे जीपने नदीतून उलटसुलट जाण्याऐवजी डोंगरावरून उतरावे आणि वाटेत जुन्या खाणकामाच्या खुणा शोधाव्यात, असा बेत होता.

बरोबर पत्नी आणि तिचा थोरला भाऊ होता. त्याला आम्ही सगळेच 'भाऊ' म्हणतो. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी काढलेल्या या गृहस्थाला सोन्याचे काडीचे आकर्षण नाही. पण निघण्यापूर्वी नकाशे पाहताना त्याने एक गोष्ट हेरली, आणि पुढचा सारा प्रवास तिच्याभोवती फिरला. "दाजी, ही माणसं सोनं खणत नव्हती, धूत होती," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही खाणी शोधू नका, पाट शोधा. पाट जिथे संपेल तिथे खाण असेल."

पहिला दिवस : ड्युनेडिन ते लॉरेन्स

ड्युनेडिनहून गाडी घेऊन दक्षिणेला निघाल्यावर मिल्टनच्या पुढे ग्लेनोर हे छोटे ठिकाण लागते. मुख्य रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्यांच्या ते लक्षातही येणार नाही, परंतु भारतीय वाचकाने इथे अवश्य थांबावे. एडवर्ड पीटर्स या हिंदुस्थानातून आलेल्या माणसाचे स्मारक इथे आहे. 'ब्लॅक पीटर' या नावाने ओळखला जाणारा हा माणूस १८५३ साली 'माओरी' नावाच्या जहाजातून ओटागोत उतरला आणि १८५० च्या दशकातच त्याने या भागातील ओढ्यांत सोने असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर मे १८६१ मध्ये टास्मानियाहून आलेल्या गॅब्रिएल रीडला जवळच्याच एका घळीत मोठा साठा सापडला. रीडला प्रांतिक सरकारने एकूण १,००० पौंडांचे बक्षीस दिले. पीटर्सच्या वाट्याला १८८५ साली आले ५० पौंड, आणि तेही तेवढीच रक्कम लोकवर्गणीतून जमवण्याच्या अटीवर. स्मारकाजवळ आमच्याखेरीज कोणी नव्हते. भाऊने शिलालेख दोनदा वाचला आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही.

लॉरेन्स हे आता एका लांब रस्त्याचे शांत गाव आहे. १८६१ च्या नाताळापर्यंत या परिसरात सुमारे १४,००० माणसे जमली होती, यावर तिथे उभे राहून विश्वास बसत नाही. गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर 'गॅब्रिएल्स गली' ही घळ आहे. फिरण्यासाठी आखलेली वाट सोपी आहे आणि फलक नेमके आहेत, पण पाहणाऱ्याला एक गोष्ट आधी ठाऊक असावी लागते : डोळ्यांसमोर दिसणारा घळीचा सपाट, हिरवा तळ मुळातला नाहीच. वरच्या ब्लू स्पर टेकडीवर पाण्याचे जबरदस्त झोत मारून डोंगरच्या डोंगर खाली वाहवण्यात आला, आणि त्या टाकाऊ खडी-मातीखाली मूळचा ओढा खोल गाडला गेला. रीडने जिथे पहिले सोने पाहिले ती जमीन आज कोणाच्याच दृष्टीस पडू शकत नाही.

सोने पाण्याने का वेगळे होते, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सगळीकडे तेच तत्त्व भेटते. ओटागोचे डोंगर शिस्ट नावाच्या थरांच्या खडकाचे आहेत. त्यांच्या भेगांत गारगोटीच्या शिरा आहेत आणि त्या शिरांत सोने. लाखो वर्षांत खडक झिजला आणि नद्यांनी तो वाहून नेला. सोने मात्र पाण्याच्या सुमारे १९ पट जड, आणि गारगोटी जेमतेम अडीच पटीच्या थोडी वर. त्यामुळे प्रवाह मंदावला की सोने प्रथम खाली बसते आणि तळखडकाच्या कपारींत अडकून राहते. पसरट पॅनमध्ये मूठभर वाळू घोळवणारा एकटा माणूस असो की डोंगर फोडणारा पाण्याचा झोत असो, दोघेही नदीचेच काम घाईने करत असतात.

लॉरेन्समध्ये दुपारी चीज रोल खाल्ले. पावाच्या कापावर चीजचे सारण पसरायचे, गुंडाळी करायची, भाजायची आणि वरून लोणी लावायचे, एवढीच त्याची कृती. दक्षिणेकडच्या लोकांना त्याचा भलताच अभिमान आहे. उपाहारगृहातल्या बाईंनी आम्ही कुठे जाणार ते विचारले आणि मेसटाउनचे नाव ऐकताच पहिला प्रश्न केला, "नदी पाहिलीत का?" पुढच्या दिवसांत हा प्रश्न आम्हाला भेटेल त्याने विचारला.

गावाबाहेरचा चिनी वस्तीचा माळही पाहून घ्यावा. लॉरेन्सच्या हद्दीत चिनी लोकांना राहू दिले जात नसे, म्हणून त्यांची वसाहत वेशीबाहेर उभी राहिली. पुरातत्त्वज्ञांनी तिचे उत्खनन केले आहे.

दुसरा दिवस : क्लूथा नदीच्या काठाने वानाका

हा दिवस गाडीतच गेला. रॉक्सबरोच्या आसपास रस्त्याकडेला फळांची दुकाने लागतात. तिथून घेतलेल्या जर्दाळूंनी पुढची दोन दिवस सोबत केली. क्रॉमवेलजवळची क्लूथा नदीची घळई आता डन्स्टन सरोवराखाली आहे. ऑगस्ट १८६२ मध्ये हार्टली आणि रायली या दोघांनी याच घळईतून काढलेले ८७ पौंड वजनाचे सोने ड्युनेडिनच्या कचेरीत आणून ठेवले आणि दुसरी मोठी धावपळ सुरू झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाइड धरण भरले तेव्हा ते सारे काठ पाण्यात गेले. भाऊला धरण पाहायचे होते, म्हणून थांबलो. त्याचे धरणाबद्दलचे मत इथे देत नाही, कारण ते फार लांब आहे.

वानाकात निसर्ग-संवर्धन विभागाच्या कार्यालयात जाऊन हवामान विचारले, डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्यांची तिकिटे घेतली आणि संकटात उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे बीकन भाड्याने घेतले. या वाटेवर मोबाइलला सिग्नल मिळेल असे धरून चालू नये. झोपड्यांना तिथे 'हट' म्हणतात. प्रत्येकीत साधारण बारा जणांची सोय, गाद्या, पावसाच्या पाण्याची टाकी आणि बाहेर शौचालय एवढेच असते. स्टोव्ह, इंधन आणि भांडी आपली आपण न्यावी लागतात. वाटेचा बराच भाग खासगी मेंढीपालनाच्या जमिनीतून जातो. तेव्हा कुत्रा नेता येत नाही आणि खुणेचे नारिंगी खांब सोडून भटकूही नये.

तिसरा दिवस : फर्न बर्न ते हायलँड क्रीक

ग्लेंडू बेच्या पुढे गाडीतळावर परिचिताने आम्हाला सोडले. सुरुवातीचा रस्ता ओढ्याकाठच्या बीच वृक्षांच्या रानातून जातो. सावली दाट आणि चढ बेताचा असल्यामुळे पहिल्या हटपर्यंत ही वाट आपल्याला जमेल असा खोटा धीर येतो. पुढे झाडे संपतात आणि टसॉक गवताचे उघडे डोंगर सुरू होतात. गवताचे एकेक ठोंब कमरेएवढे. वाऱ्यात त्यांचा रंग क्षणाक्षणाला पालटत राहतो आणि दोन ठोंबांमध्ये पाय कुठे पडणार ते दिसत नाही. जॅक हॉल्स सॅडल ही खिंड सुमारे १,२७५ मीटरवर आहे. तिथे वायव्येकडून वारा असा काही आला की पाठीवरच्या पिशव्यांसकट आम्ही तिघेही काही काळ खाली बसून राहिलो.

सह्याद्रीत चालणाऱ्यांना चढाची सवय असते, पण इथला उतार वेगळा आहे. पायऱ्या नाहीत, वळणे थोडी, आणि वाट बहुधा सोंडेवरून सरळ खाली झेपावते. काठ्या दोन घ्याव्यात. 'स्पॅनियार्ड' नावाची, सुऱ्यांच्या जुडग्यासारख्या पानांची एक वनस्पती नेमकी तिथेच उगवलेली असते जिथे आधारासाठी हात टाकावासा वाटतो. इथले मूळ रहिवासी माओरी तिला 'तारामेआ' म्हणतात.

खाणकामाची खूण त्या दिवशी एकही दिसली नाही. भाऊ दर वळणावर समोरचे उतार न्याहाळत होता आणि "अजून नाही" एवढेच म्हणत होता.

चौथा दिवस : रोजेस हट

हा वाटेचा सर्वांत कष्टाचा टप्पा. दोन मोठे चढ आणि दोन तसेच उतार, अंतर नकाशावर जेमतेम दहा किलोमीटर, आणि वेळ मात्र सकाळपासून दुपार उलटेपर्यंत. त्याचे वर्णन लांबवत नाही. ढगांच्या सावल्या, धारेवरचा कारेअरेआ जातीचा ससाणा आणि पत्नीने न थांबता म्हटलेले व्यंकटेशस्तोत्र एवढे लक्षात आहे.

लक्षात राहण्यासारखी गोष्ट रात्री हटमध्ये घडली. 'ते अरारोआ' पूर्ण चालणारे दोन तरुण जर्मन पाण्यात ओट्स भिजवून खात होते. त्यांना आमच्या मुगाच्या खिचडीतला वाटा दिला तेव्हा त्यांनी दाखवलेली कृतज्ञता जरा जास्तच होती. त्यांच्याखेरीज एक सत्तरीच्या घरातल्या बाई एकट्याच आलेल्या होत्या. मध्य ओटागोत त्यांची मेंढ्यांची आणि फळबागेची जमीन होती. ती आता मुलगा पाहतो. भाऊ पूर्वी काय करत असे हे कळताच त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

मग जे संभाषण सुरू झाले ते मेणबत्ती संपेपर्यंत चालले. त्या सांगत होत्या की ओटागोतले सोन्याचे पाट सोन्याबरोबर मेले नाहीत. खाणवाले गेले, त्यांचे पाट शेतकऱ्यांनी घेतले आणि त्यांच्या बागांना कैक दशके त्याच चरांमधून पाणी आले. नेझबीजवळचा माउंट आयडा पाट सुमारे १०८ किलोमीटर लांब आहे आणि तो १८७७ मध्ये पुरा झाला. पाण्याची मोजणीही खाणवाल्यांचीच राहिली : एक 'हेड' म्हणजे सेकंदाला एक घनफूट. महत्त्वाचे म्हणजे हक्कांचा क्रम तारखेने लागे. ज्याचा परवाना जुना त्याने आधी पाणी घ्यायचे, मग त्याची जमीन ओढ्याच्या खालच्या अंगाला असली तरी चालेल. एकोणिसाव्या शतकातले हे खाणपरवाने कायद्याने २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत जिवंत होते. त्यानंतर सगळ्यांना नव्या पद्धतीने अर्ज करावे लागले. ज्या माणसाने सोन्यासाठी १८६० च्या दशकात ओढा अडवला, त्याच्या तारखेवर आपल्या बागेचे भाग्य अवलंबून होते, असे त्या बाई म्हणाल्या. नव्या पद्धतीने नदीत जास्त पाणी राहील हे त्यांना मान्य होते. पण मुलासमोर मात्र आपण तसे बोलत नाही, असेही त्यांनी हसत सांगितले.

भाऊ इतका खूश झालेला मी क्वचितच पाहिला आहे. आपल्याकडे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचवताना काय होते, याचे त्याने त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण हातवाऱ्यांसह यथासांग वर्णन केले. त्यांनीही समजल्यासारखी मान हलवली, आणि मला वाटते त्यांना ते खरोखर समजले होते.

पाचवा दिवस : खिंडीपलीकडे ॲरो नदी

सकाळी रोजेस सॅडल ही सुमारे १,२७० मीटरवरची खिंड चढून आलो आणि पलीकडे ॲरो नदीचे खोरे उघडले. नदीचे माओरी नाव हाएहाएनुई. वरून ती अगदी बारीक दिसते. एका बाजूला नदीतूनच चालत जाण्याचा पर्याय आहे आणि दुसऱ्या बाजूला पाणी वाढले असता धरायची उंचावरची वाट. हवा कोरडी होती, म्हणून आम्ही नदी धरली. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणि थंडी मात्र हाडांपर्यंत होती. बूट काढून ओलांडे करू नयेत. दगड निसरडे असतात, आणि बूट ओले झाले तर होऊ द्यावेत.

पहिली खूण भाऊलाच दिसली. समोरच्या उतारावर, नदीपासून बऱ्याच उंचीवर, गवतात एक आडवी रेघ होती. मेंढ्यांची पाऊलवाट असेल असे मी म्हणालो. त्याने मान हलवली. मेंढी वर-खाली होते, ही रेघ होत नाही. घळीच्या आत शिरते तेवढीच बाहेर येते, आणि उतार इतका मंद की डोळ्याला कळू नये. वर चढून पाहिले तेव्हा तो खरोखर पाट निघाला : फूट-दीड फूट रुंदीचा, मातीने निम्मा भरलेला, खालच्या अंगाला शिस्टच्या चपट्या दगडांचा कोरडा बांध घातलेला. कडा आडवा आला तिथे खडक फोडून चर पुढे नेलेला होता. भाऊने आपली पाण्याची बाटली आडवी धरून लेव्हल पाहिली आणि ज्यांनी कुदळ-फावड्याने हे केले त्यांना त्याच्या खात्यात एकदम वरची जागा मिळाली असती असे जाहीर केले.

मग आम्ही त्याच्या सूत्राप्रमाणे पाटाच्या मागाने खाली निघालो. मॅटागोरीच्या काटेरी झुडपांनी हातपाय ओरबाडून निघाले. अंगभर बाह्यांचा सदरा इथे हवाच. पाट एका कडेशी येऊन एकाएकी संपला, आणि त्याच्या बरोबर खाली नदीकाठच्या सपाटीवर गोट्यांचे लांबच लांब ढीग होते, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखे एकाशेजारी एक. मोठे दगड हाताने उचलून बाजूला रचायचे, मधल्या चरातून वरचे पाणी सोडून माती-वाळू लाकडी पेटीत वाहवायची, आणि पेटीच्या तळाशी बसवलेल्या आडव्या पट्ट्यांमागे अडकलेले सोने दिवसाअखेर काढून घ्यायचे, अशी ती पद्धत. ढिगांतले काही दगड इतके मोठे होते की आम्हा तिघांना मिळूनही त्यातला एक हलला नसता. त्या दगडांवर आता शेवाळ आणि दगडफूल आहे, बाकी रचना जशीच्या तशी.

नेमके सांगायचे तर ॲरो नदीवर सोने प्रथम सापडले ते जॅक टेवा या मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या माओरी माणसाला. तो विल्यम रीस या मेंढीमालकाकडे काम करत असे. गाजावाजा मात्र विल्यम फॉक्सचा झाला, ज्याने १८६२ मध्ये आपले ठिकाण इतरांपासून लपवण्यासाठी बराच आटापिटा केला. जानेवारी १८६३ मध्ये इथून पहारेकऱ्यांच्या बंदोबस्तात पहिल्यांदा सोने गेले ते सुमारे १२,००० औंस, म्हणजे ३७० किलोच्या आसपास. त्याच वर्षीच्या जुलैत महापूर आला. नदीकाठी तंबू ठोकून राहिलेले कित्येक खाणकामगार त्यात वाहून गेले आणि मागोमाग बर्फाची वादळे झाली. पाण्याशिवाय सोने नाही आणि पाण्यापासून सुटकाही नाही, अशी ती कोंडी होती.

दुपारी खालच्या बाजूला उंच सायकामोर झाडे दिसली. मूळ टसॉकच्या या मुलुखात झाडांची रांग दिसली की तिथे माणसाचे घर होते असे खुशाल समजावे. तेच मेसटाउन.

सहावा दिवस : मेसटाउन आणि रिच बर्न

मेस नावाच्या भावांवरून या गावाला नाव पडले. त्याआधी ते 'ट्वेल्व्ह माइल' होते. पहिली काही वर्षे नदीतले सोने निघाले. ते आटल्यावर, १८७० च्या दशकात, डोंगरातल्या गारगोटीच्या शिरा खणायला सुरुवात झाली आणि गाव टिकले ते या दुसऱ्या कारणामुळे. भरभराटीच्या दिवसांतही इथली वस्ती सुमारे दोनशेच्या आसपासच होती, पण त्यात शाळा, टपाल कचेरी, दुकान आणि हॉटेले होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस खाणी बंद पडत गेल्या आणि लोक उतरून गेले. आज दोन इमारती नीट उभ्या आहेत : शाळामास्तर नीडहॅम यांचे घर आणि स्मिथ यांची पावभट्टी. दोन्हींचा जीर्णोद्धार झालेला आहे. बाकी दगडी चुलाणी, भिंतींचे चौथरे आणि कुंपणाच्या जागी वाढलेली हॉथॉर्नची रांग. घर कुठे होते ते गूसबेरीच्या जाळ्यांवरून कळते, कारण त्या कोणीतरी परसात लावलेल्या होत्या. त्यांची आंबट फळे पत्नीने टोपीभर गोळा केली आणि संध्याकाळी साखर घालून शिजवली. आतापर्यंतच्या साऱ्या सुक्या खाण्यानंतर तो गोडाचा पदार्थ फार मोठा वाटला.

तंबूच्या मैदानावर जीपने आलेले एक वडील आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांवर त्यांच्याकडे जालीम मलम होते. आमचे मलम त्या माश्यांना आवडत असावे. मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी गावातील चुलाण्यांचा नकाशा काढला होता, आणि त्यावरून तिने आम्हाला फिरवून आणले.

दुपारी रिच बर्न या ओढ्याच्या काठाने वर गेलो. इथे होमवर्ड बाउंड खाणीची स्टॅम्पर बॅटरी आहे. 'घरी निघालो' अशा अर्थाचे नाव एवढ्या आडरानातल्या खाणीला देणाऱ्या माणसाची विनोदबुद्धी मला आवडली. बॅटरी म्हणजे गारगोटी कुटण्याचे यंत्र. फिरत्या दांड्यावरचे पाकळीसारखे उंचवटे लोखंडी मुसळांना उचलतात आणि सोडतात. खाली दगडाचा भुगा होतो, पाण्याबरोबर तो पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहतो, सोने पाऱ्याला धरून राहते, आणि मग तो गोळा तापवून पारा उडवला की सोने उरते. ओढ्याच्या त्या अरुंद घळीत मुसळांचा आवाज रात्रंदिवस किती घुमत असेल याची कल्पना, यंत्राखाली उभे राहिल्यावर येते. एवढे लोखंड इथवर आणण्यासाठी ॲरोच्या घळईतून गाडीरस्ता खोदावा लागला होता. आजच्या जीपगाड्या जातात तो साधारण तोच मार्ग.

इथे काही सावधगिरीच्या गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. बोगद्यांची तोंडे उघडी दिसली तरी आत पाऊल टाकू नये. छत ठिसूळ असते आणि हवा कोंडलेली. बॅटरीच्या खालच्या अंगाचे पाणी पिऊ नये आणि करड्या भुग्याच्या ढिगांवर बसून जेवू नये, कारण अशा शिरांत सोन्याबरोबर आर्सेनिकची खनिजे असतात आणि कामात पारा वापरला जात असे. १९०० पूर्वीच्या वस्तीचे अवशेष तिथल्या वारसा कायद्याने संरक्षित आहेत. त्यामुळे बाटलीचा तुकडा किंवा गंजका खिळादेखील जागचा उचलू नये.

परतताना ओढ्याच्या वर पुन्हा ती आडवी रेघ. भाऊला आता ती दाखवावी लागली नाही, आम्हा दोघांनाही ती दिसली. हा पाट सोने धुण्यासाठी नव्हता, यंत्राचे चाक फिरवण्यासाठी असावा, असा त्याचा तर्क. एवढ्या उंचीवरून पाणी सोडण्याचे दुसरे कारण त्याला सुचत नव्हते. रात्री पाऊस सुरू झाला.

सातवा दिवस : नदी उतरण्याची वाट पाहून ॲरोटाउन

सकाळी नदी मातकट आणि दुप्पट झालेली होती. मेसटाउनचा जीपरस्ता ॲरोटाउनपर्यंतच्या सुमारे १५ किलोमीटरांत वीसहून अधिक वेळा नदी ओलांडतो. म्हणून लॉरेन्सच्या बाईंचा तो प्रश्न. जीपवाले वडील स्वस्थ चहा करत बसले होते. दगडाच्या टोकाला त्यांनी खूण करून ठेवली होती आणि दर तासाला मुलगी जाऊन पाहून येत असे. आम्हीही बसलो. ही नदी पावसात जेवढ्या लवकर चढते तेवढ्याच लवकर पाऊस थांबल्यावर उतरते. अकराच्या सुमारास खूण दिसू लागली आणि पाण्याचा तळ पुन्हा दिसायला लागला, तेव्हा एकमेकांचे दंड धरून पहिले ओलांडे केले. पुढे नदी सोडून बिग हिलची डोंगरवाट घेतली. ही वाट जास्त चढाची आहे, पण पावसानंतर तीच शहाणपणाची. हातात एक जादा दिवस आणि त्या दिवसाचे खाणे ठेवल्याशिवाय मेसटाउनला जाऊच नये.

संध्याकाळी ॲरोटाउनमध्ये उतरलो तेव्हा गजबजलेल्या दुकानांची आणि आइस्क्रीम खाणाऱ्या गर्दीची क्षणभर धास्तीच वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी येण्यापूर्वी, नदीकाठची चिनी वस्ती पाहिली. गोरे खाणकामगार नव्या सोनक्षेत्रांकडे पांगू लागल्यावर, धुऊन टाकलेल्या जमिनीतून उरलेसुरले सोने काढण्यासाठी ओटागोने चिनी लोकांना बोलावले आणि १८६६ पासून ते येऊ लागले. बोलावून आणलेल्या याच लोकांवर १८८१ मध्ये माणशी १० पौंडांचा प्रवेशकर बसला आणि १८९६ मध्ये तो १०० पौंड झाला. सरकारने त्याबद्दल औपचारिक माफी मागितली ती २००२ मध्ये. कड्याला टेकवून बांधलेल्या त्यांच्या दगडी खोल्यांमध्ये ताठ उभे राहता येत नाही. आ लुम यांचे दुकान मात्र ऐसपैस आहे. दुकान, सावकारी पेढी आणि गप्पांचा अड्डा असे सगळे तिथे चालत असे.

ॲरोटाउनजवळ नदीच्या ठरावीक पट्ट्यात कोणालाही परवान्याशिवाय, हाताच्या अवजारांनी सोने शोधता येते आणि गावात पॅन व फावडे भाड्याने मिळते. पत्नीने तळखडकाच्या कपारीतली वाळू खरवडून घेतली, अर्धा तास घोळवली, आणि काळ्या वाळूच्या टोकाला मोहरीच्या दाण्याहून बारीक असे चार-पाच पिवळे कण शिल्लक राहिले. भाऊने ते पाहून छान म्हटले आणि वस्तुसंग्रहालयात पाटांचा नकाशा आहे का ते विचारायला निघून गेला.

ज्यांना डोंगरातून चालायचे नाही त्यांनी ॲरोटाउनहून जीपची सहल घ्यावी. अर्ध्या दिवसात मेसटाउन पाहून होते. स्वतः भाड्याची गाडी नदीत घालू नये, कारण बहुतेक भाडेकरार तशी परवानगी देत नाहीत. चालणाऱ्यांसाठी डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. झाडांचे पिवळे-तांबडे रंग पाहायचे असतील तर एप्रिलचा उत्तरार्ध गाठावा, मात्र तेव्हा नदी अधिक गार असते आणि दिवस लहान. रिच बर्नसाठी पूर्ण दिवस ठेवा, आणि उतारावर आडवी रेघ दिसली तर थोडे वर चढून तिच्या कडेने जरूर चाला.